स्वावलंबी दही

उचला! ती दह्याची वाटी आधी माझ्या पुढ्यातून उचला. चहाला बोलावलंत ना? मग चहा द्या, पोहे द्या, हवं तर चार शिव्या द्या. दही नको!

"अण्णा, एवढा राग दह्यावर?" म्हणे! राग नाही येणार तर काय येणार? बरं, विचारलंतच आहे तर ऐका. पण मधे कुणी खिदळलं तर हा कप इथेच ठेवून मी चालता होईन, सांगून ठेवतो. माणूस आयुष्यात माती खातो, मीही पुष्कळ खाल्ली. पण ही जी खाल्ली ना, ती वाटीभर, वर साखर पेरून, बोटं चाटत खाल्ली. आणि गावाला वाढली!

तेव्हा सत्याग्रहाचे दिवस. चौल-रेवदंड्याच्या बाजूला आमचं गाव तुम्हाला माहीत आहेच. नारळी-पोफळीच्या वाड्या, पलीकडे समुद्र, आणि समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर धाकूचं माडीचं दुकान. सकाळी माडाच्या शेंड्यावरून मडकी उतरायची आणि संध्याकाळी माणसं आडवी व्हायची. पगार हातात पडला की गडी आधी तिथे, मग घरी. बायका रडायच्या. मला ते बघवत नसे. खरं सांगतो, आतून संताप यायचा.

तर दुकानावर पिकेटिंग, म्हणजे दारात उभं राहून गिऱ्हाईक परतवणं, सुरू झालं आणि स्वयंसेवकांचा पुढारी कोण? मी! का? अहो, कारण माझा आवाज मोठा. डोकं कुणी तपासलंच नाही.

देवळापुढे सगळ्या गावासमोर मी गरजलो, "अलिबागचे वकीलसाहेब सभेला येतील त्या दिवशी या दुकानाला कुलूप दिसेल! नाही दिसलं तर ही डोक्यावरची खादीची टोपी उतरवून त्यांच्या पायाशी ठेवीन आणि जन्मात पुन्हा घालणार नाही!"

टाळ्या पडल्या. धाकू मागे उभा होता. तोही शांतपणे म्हणाला, "अन्ना, मी कुनाला बोलवाया जात न्हाय. गिऱ्हाईक हाय तवर दुकान हाय. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की माझ्या हातानं कुलूप लावीन."

झालं! माझी टोपी आणि त्याचं कुलूप, सगळं गाव बघतंय. आता मला सांगा, या सगळ्यात दही कुठून शिरलं?

ताकातून शिरलं. उन्हातान्हात उभ्या राहिलेल्या पोरांना दुपारी माझ्या ओटीवर ताक मिळायचं. एके दिवशी उकाडा असा की पोरांनी सगळं मडकं रिकामं केलं. मीच आग्रह करकरून वाढलं. संध्याकाळी आमच्या मंडळींनी मडकं माझ्यापुढे उपडं करून दाखवलं.

"विरजणापुरतं तरी ठेवायचं होतंत. आता दूध कशानं विरजू?"

"त्यात काय? भीमाकाकूंकडून आणतो," म्हणालो आणि वाटी घेऊन निघालो.

"अहो, थांबा, दिवेलागण..."

मी कुठला थांबतोय! समोरासमोर घर, मधे फक्त विहिरीची वाट. मी अंगणात पाय ठेवला आणि आत काकूंनी देवापुढे निरांजन लावलं.

"काकू, जरा विरजण द्या."

"अरे अण्णा, दिवा लागला की रे! तिन्हीसांजेला दही उंबऱ्याबाहेर घालत नाहीत. सकाळी ये हो."

"मी आलो तेव्हा दिवा लागला नव्हता!"

"लागला होता."

"काडी ओढत होतात! मी पाहिलं!"

"काडी ओढली म्हणजे दिवा लागलाच की. उद्या ये, वाटी भरून देते. शिवाय तुला एक सांगते, विरजण नसलं तर देठाची मिरची दुधात..."

"काही सांगू नका! आजपासून तुमचं विरजण मला गोमांसासारखं!"

हो, असं बोललो. म्हातारीला बोललो. वर रिकामी वाटी विहिरीच्या कठड्यावर आपटली. वाटी घरचीच होती. पोचा अजून आहे.

घरी येऊन मी व्याख्यान दिलं. श्रोता एकच, आमच्या मंडळी. "विरजण म्हणजे काय? गुलामगिरी! माझं दूध, माझं मडकं, आणि दही लागायला मात्र शेजारणीची मेहरबानी! कापड आपण कातू, मीठ आपण काढू, आणि दह्यासाठी दुसऱ्याच्या दारात वाटी धरू? आजपासून या घरात बिनविरजणाचं दही लागेल. स्वावलंबी दही!"

"म्हणजे दूध नासवणार," मंडळी म्हणाल्या आणि निजायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी चुलीपुढे बसलो. आधी लिंबू पिळलं. दूध असं फुटलं की एकीकडे पाणी, दुसरीकडे चुरा. मग चिंच टाकली. ती तळाशी बसली आणि दूध मातकट झालं. मग आमसूल. दूध गुलाबी! मंडळींनी डोकावून पाहिलं. "मीठ-मिरची घाला, सोलकढी म्हणून खपेल."

मग मला कुणाचं तरी बोलणं आठवलं, की दुधात चांदीचा रुपया टाकला की दही लागतं. टाकला. सकाळी झाकण काढलं तर दूध तसंच, आणि तळाशी राजा माझ्याकडे तिरका बघतोय.

"स्वावलंबी दह्यात इंग्रजांचा राजा कसा हो?" मंडळींनी विचारलं.

मी मडकंच फोडलं. दूध वाहून पडवीत गेलं. त्या दिवशी गावातली सगळी मांजरं माझ्यावर खूश होती. शेवटी ओट्यावर उभा राहून मी गाईला, म्हशीला, दुधाला, भीमाकाकूंना, सगळ्यांना शिव्या घातल्या.

तेवढ्यात चंद्री आली. चंद्री आमच्या वाडीत सुपारी सोलायला येणारी भंडारीण. जीभ कातरीसारखी. कमरेवर हात ठेवून ती माझा तमाशा बघत राहिली.

"अन्ना, दुधाला शिव्या देऊन दही लागतं व्हय?"

"तुला काय कळतं गं?"

"मला येवढं कळतं की आमच्यात वड्याच्या पिठात घालतात ना, ते आंबट पानी चमचाभर टाकलं तर दूधसुद्धा बसंल. उद्या आनू का?"

मी कान टवकारले. "कुणाच्या घरचं विरजण असेल तर नको!"

"इरजान न्हाय. दूध-दह्याचा थेंब न्हाय त्यात. झाडाचं हाय."

"कसल्या झाडाचं?"

"माडाचं. पर आधी ऐका, ते काय हाय..."

"कळलं! कळलं मला!" मी आनंदानं उडालोच. "नारळाचं पाणी आंबवलेलं! वा! माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"न्हाय अन्ना, ते..."

"नाव-बिव सांगत बसू नकोस! उद्यापासून रोज आण. बदल्यात वाडीतले नारळ घेऊन जा."

तिनं खांदे उडवले. "बरं बाबा. तुमचं तुम्हाला ठाऊक."

तुम्ही आत्ताच हसायला लागलात? म्हणजे तुम्हाला कळलं! शहाणेच की तुम्ही! मला नाही कळलं. आणि वास तरी यायला नको होता का, असं म्हणाल, तर हे बघा, मी तपकीर ओढतो. दुकानापुढे उभं राहून राहून माडीचा वास येऊ नये म्हणून तर दुप्पट ओढत होतो. नाक म्हणजे नुसतं चेहऱ्यावर ठेवलेलं. गटार आणि गुलाब मला सारखेच.

चंद्रीनं लोटा आणला. केळीच्या पानाचं झाकण लावून. मी कोमट दुधात चमचाभर घातलं, मडकं गोधडीत गुंडाळलं आणि सकाळी उघडलं. काय सांगू! कवडी दही! मडकं उपडं केलं तरी पडेना. चव आंबटगोड, जिभेला किंचित चुरचुरणारी. मी साखर घालून दोन वाट्या चापल्या. तिसरी मंडळींपुढे धरली.

त्यांनी हुंगली आणि बाजूला ठेवली. "मला नको. अहो, याला..."

"मत्सर! दुसरं काय!" मी म्हणालो. "पुरुषानं दही लावलं हे बघवत नाही तुम्हाला!"

त्या स्वतःपुरतं भीमाकाकूंकडून विरजण आणून वेगळं दही लावायला लागल्या. मला ते दिसत होतं. मी दुर्लक्ष केलं. थोर माणसानं करावं तसं.

तुम्ही विचाराल, एकदा दही लागलं, मग त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाला का नाही लावलं? अहो, ते म्हणजे विरजणच झालं की! तत्त्वाचा प्रश्न! रोज नवा लोटा, रोज नवं स्वातंत्र्य. आणि पोरं वाढली, ताक वाढलं, तसा चमच्याचा वाडगा झाला.

ताकाची कीर्ती अशी पसरली की विचारू नका. पिकेटिंगची पोरं दुपार कधी होते याची वाट बघायची. ताक पिऊन अशा खड्या आवाजात पदं म्हणायची की पलीकडच्या आळीतली म्हातारी माणसं उठून बसायची. मग मला सुचलं, की अरे, हेच अस्त्र! मी धाकूच्या दुकानापुढे घागर घेऊन उभा राहिलो.

"या! माझं ताक प्या आणि माडी विसरा!"

पहिला पुढे आला बाळ्या नाखवा. होडीवरून उतरला की सरळ धाकूकडे जाणारा, गावातला सगळ्यात जुना पिणारा. त्यानं एक पेला घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला, आणि मिशी पुसत म्हणाला, "अन्ना, ताक ब्येस! वळखीचं लागतं."

आईच्या हातचं आठवलं असेल, असं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या!

नाखवा सुटला तसे बाकीचेही सुटले. धाकूचे बाक ओस पडले. माणसं दुकान सोडून माझ्या ओटीवर बसायला लागली. भीमाकाकू समोरून बघायच्या आणि नाकाला पदर लावायच्या. मी मनात म्हणायचो, जळा!

सभेचा दिवस उद्यावर आला. दुकान मात्र उघडंच! मी तरातरा गेलो. मागे सगळे स्वयंसेवक.

"धाक्या! शब्द दिला होतास! आता गिऱ्हाईक कुठे आहे?"

धाकू बाकावर सुपारी कातरत बसला होता. "हाय, अन्ना. एक हाय. रोज सकाळी लोटाभर जातं. एक दिवस खाडा न्हाय. त्याच्यासाठी माडावर चढावं लागतं मला."

माझं डोकंच फिरलं. एक माणूस! एका माणसापायी माझी टोपी जाणार!

"कोण तो नालायक? नाव सांग!"

"अन्ना, जरा बाजूला या. कानात सांगतो."

"कानात? चोरून? सगळ्यांसमोर बोल!"

धाकूनं डोकं खाजवलं. "गिऱ्हाईकाची अब्रू असते, अन्ना. येवढंच सांगतो, विहिरीपलीकडं घर हाय. आता पुरतं ऐका..."

"पुरतं ऐकलं!"

विहिरीपलीकडे घरं किती? दोन. एक माझं. मग राहिलं कुणाचं? सांगा ना! गणित इतकं सोपं होतं!

मला जो आनंद झाला तो सांगता सोय नाही. देव आहे, म्हणालो. मी तिथेच, बाकावर चढून जाहीर केलं, "उद्या सकाळी त्या घराच्या दारात मी उपाशी बसणार! त्या घरच्या पुरुषानं चारचौघांत कान धरून शपथ घेतल्याशिवाय उठणार नाही. मग तो कुणी का असेना! माझा सख्खा भाऊ असला तरी!"

सकाळी अंघोळ करून, टोपी घालून, अख्खी मिरवणूक घेऊन मी भीमाकाकूंच्या पायरीवर मांडी ठोकली. धाकूलाही पोरांनी साक्षीला आणलं होतं. तो "अन्ना, अहो अन्ना" करत होता. त्याचं कोण ऐकतंय! पोरं घोषणा देत होती. बाळ्या नाखवा तर सगळ्यात जोरात.

काकू केरसुणी घेऊन बाहेर आल्या. "अण्णा, हे काय रे? सकाळी सकाळी कुणाच्या नावानं?"

"तुमच्या यजमानांना, तात्यांना बाहेर काढा!"

"ह्यांना? ह्यांनी काय केलं?"

"काकू, तिन्हीसांजेला तुमच्या उंबऱ्याबाहेर दही जात नाही. मग रोज सकाळी उंबऱ्याच्या आत माडी कशी येते?"

मागून तात्या आले. सत्तरी उलटलेले, दम्यानं वाकलेले, हातात काढ्याचा पेला. त्यांना वाटलं पोरं प्रभातफेरीला आलीत. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

"हे माडी पितात? अरे मेल्या, ह्यांना ताक पचत नाही!" काकू कडाडल्या.

"काढ्याच्या नावाखाली काय पितात ते कुणी पाहिलंय?" मी म्हणालो. होय, म्हणालो! जीभ झडली नाही माझी!

काकूंचे डोळे भरले. केरसुणी हातातून गळली. चाळीस वर्षांचा शेजार, माझ्या मुंजीत त्यांनी मला कडेवर घेतलेलं, आणि मी त्यांच्या दारात गाव गोळा करून हे बोलत होतो. तेव्हा मला लाज वाटली असेल? नाही! मी पोरांना म्हणालो, "पाहिलंत? रडून सुटता येत नाही!"

आणि नेमकी वाटेवरून चंद्री आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लोटा, लोट्यावर केळीचं पान.

"धरा!" कुणीतरी ओरडलं. "लोटा आला! धरा!"

"सोडा तिला!" मी ओरडलो. "ती माझ्याकडे येते. लोट्यात माझ्या दह्याचं पाणी आहे. चंद्रे, जा, नेहमीच्या जागी ठेव. आणि येताना वाटेत कुणी माडीचा लोटा घेऊन या घराकडे येताना दिसलं का ते सांग. सगळ्यांसमोर सांग!"

चंद्रीनं गर्दीकडे पाहिलं, धाकूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "या घराकडं कोन आननार? आनते ती मीच. आनि तुमच्या घराकडं."

"अगं, ते नारळाचं पाणी!"

"नारळाचं पानी मी कवा म्हनले? तुम्हीच म्हनलात. मी सांगाया गेले तर म्हनलात, नाव घेऊ नको. मला वाटलं, पुढारी मानूस, माहीत असूनशान नाव घेत न्हाय."

बाळ्या नाखव्यानं पुढे होऊन पान उचललं, लोट्यात नाक घातलं आणि चेहऱ्यावर असं समाधान पसरलं त्याच्या! "म्हनून वळखीचं लागत व्हतं!"

मी धाकूकडे पाहिलं. धाकूनं मान खाली घालून हात जोडले. "कानात सांगतो म्हनालो व्हतो, अन्ना."

स्वयंसेवक एकमेकांची तोंडं बघतायत. रोज दुपारी दोन-दोन पेले रिचवून दारूबंदीची पदं म्हणणारी पोरं! एकजण वाटेच्या कडेला जाऊन चुळा भरायला लागला. दुसऱ्यानं हळूच विचारलं, "अण्णा, आज ताक आहे ना?"

समोर आमच्या दारात मंडळी उभ्या होत्या. मी ओरडलो, "तुम्हाला वास आला होता ना? मग बोलला का नाहीत?"

"बोलायला तोंड उघडलं होतं," त्या म्हणाल्या. "पुढचं तुम्हीच बोललात."

आता काय उरलं होतं? पायरीवरून उठलो. काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी आशीर्वाद दिला की केरसुणी उगारली ते मी वर बघायला थांबलो नाही. चार पावलं चालून विहिरीची वाट ओलांडली आणि माझ्याच घराच्या माझ्याच पायरीवर, त्या घरच्या पुरुषाविरुद्ध, उपाशी बसलो! शब्द म्हणजे शब्द. बोललो होतो ना, कुणी का असेना?

मग मीच मोठ्या आवाजात विचारलं, "माडी सोडतोस का?" आणि मीच दोन्ही कान धरून उत्तर दिलं, "सोडतो!" ओरडू नका, माहीत आहे मला कसं दिसलं असेल ते! भीमाकाकूंनी तर तात्यांना नीट दिसावं म्हणून पुढे उभं केलं होतं.

धाकूनं मात्र शब्द पाळला. वकीलसाहेब दुपारी यायच्या आत त्यानं मडकी उतरवली, बाक आत घेतले आणि कुलूप लावलं. टोपी वाचली हो माझी. सभा झाली, हार पडले, आणि वकीलसाहेबांनी भर सभेत धाकूला पुढे बोलावून विचारलं, "पुढाऱ्यांबद्दल तुझ्या मनात काही राग नाही ना?"

धाकू म्हणाला, "राग कसला, सायेब? इतकी वर्सं दुकान चालवलं, पर असं गिऱ्हाईक न्हाय पाहिलं. सकाळी माल न्यायचं, आनि मग दिवसभर माझ्याच दारात उभं राहून बाकीच्यांना म्हनायचं, पिऊ नका!"